भाडं आहे, घर नाही

"नाव काय म्हणालात?" ब्रोकरने फोनवर दुसऱ्यांदा विचारलं. शेजारी बसलेल्या चाची डब्यांना जुना पेपर गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केलीच नाही.

ठाण्यात नौपाड्यातला वन बीएचके सकाळी मी विचारला तेव्हा रिकामा होता. नाव सांगितलं, तर म्हणे कालच गेला!

राबोडीतली त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. पाडायलाच हवी, वाद नाही. 2013 मध्ये शीळफाट्याला इमारत कोसळून 74 माणसं गेली, ते ठाणेकर कसे विसरतील? पण बिल्डरच्या करारात कार्पेट एरिया आहे, महिन्याचं भाडं आहे. आडनावाचं काय करायचं, ते कुठल्याच कलमात नाही.

"मग मुंब्राच बघू," चाची म्हणाल्या.

1992-93च्या दंगलींनंतर त्यांचे दीर मुंबईहून तिकडे, मुस्लिम वस्तीत, गेले होते. तेही तात्पुरतेच.