ब्रिक लेनवरची एक इमारत

विद्यार्थी-विनिमय उपक्रमात सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला एरवी पासपोर्ट सांभाळणे आणि दर वळणावर मुले मोजणे हीच कामे येतात. पूर्व लंडनमधील त्या दिवशी मात्र मला इतिहासाची शिक्षिका म्हणून उभे राहता आले. यजमान शाळेने आमच्या नववीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याची आपल्या एकेका विद्यार्थ्याशी जोडी लावली होती. नेमून दिलेली इमारत बाहेरून नीट न्याहाळायची, ती कोणी आणि कशासाठी बांधली असेल याचा अंदाज लिहायचा आणि मगच शिक्षकांना विचारायचे, एवढेच काम होते. बहुसांस्कृतिक शहर म्हटले की खाद्यपदार्थांची छायाचित्रे चिकटवून वह्या भरण्याकडे मुलांचा कल असतो, त्यामुळे मला ही पद्धत मनापासून पटली.

ब्रिक लेन आणि फूर्नियर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील मशीद आमच्या एका मुलाच्या आणि बांगलादेशातील सिल्हेटहून आलेल्या कुटुंबातील एका मुलीच्या वाट्याला आली. तिचे आजोबा तिथे नमाजाला जात, त्यामुळे अंदाज बांधण्यासारखे काही उरलेलेच नाही, असे तिला वाटत होते. शेजारचा चकचकीत पोलादी मिनार पाहून आमच्या मुलाने 'मशीद, नवीन' असे लिहूनही टाकले. मग त्याची नजर फूर्नियर स्ट्रीटच्या बाजूला भिंतीवर उंच बसवलेल्या सूर्यघड्याळाकडे गेली. त्यावर लॅटिन अक्षरे आणि 1743 हे साल होते. "बाई, तेव्हा इथे मशीद होती?" त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. दोघांनी बराच वाद घातला, लिहिलेले खोडले आणि शेवटी 'चर्च असावे' या निष्कर्षाला आले.

तो बरोबर होता. 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा आदेश रद्द केल्यावर फ्रान्समधून पळालेल्या ह्यूगेनो प्रोटेस्टंटांपैकी अनेक विणकर या भागात स्थिरावले आणि त्यांच्या समाजाने हे प्रार्थनामंदिर बांधले. पुढे ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले, 1898 मध्ये रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि 1976 मध्ये मशीद. याच गल्लीतील जुन्या घरांच्या माळ्यांना एवढ्या रुंद खिडक्या का, हे कोडे दुसऱ्या एका जोडीला सुटत नव्हते. रेशीम विणताना मागावर भरपूर उजेड लागे, हे कळल्यावर त्यांना अख्खी गल्ली वाचता येऊ लागली.

इथवर सारे छान होते, किंबहुना जरा जास्तच छान. एक समाज निघून जातो, दुसरा येतो, इमारत तीच राहते, असे चित्र मुलांच्या मनात तयार होत होते. व्हाइटचॅपलजवळच्या अल्ताब अली पार्कमध्ये पोहोचल्यावर ते बिघडले, आणि बिघडले ते बरेच झाले. बंगाली भाषा आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक असलेल्या ढाक्याच्या शहीद मिनारची तिथली प्रतिकृती आमच्या मुलांना स्मारक म्हणून लगेच ओळखू आली, पण बागेला ज्याचे नाव आहे तो मनुष्य कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्याच मुलीने सांगितले. अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यातील तरुण बंगाली कामगार; 4 मे 1978 रोजी कामावरून घरी परतताना वर्णद्वेषी हल्ल्यात तो मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे, डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. बागेला त्याचे नाव मिळाले ते 1998 मध्ये. आजोबाही त्या मोर्चात होते, हे ती अगदी सहज बोलून गेली. त्यानंतर आमच्या मुलांनी विचारलेले प्रश्न कार्यपत्रिकेत नव्हते: पोलिसांनी काय केले, आजोबांना हे शहर सोडून जावेसे वाटले का, शेजारी कसे वागले. तिला सगळी उत्तरे माहीत नव्हती; घरी विचारून सांगते, म्हणाली, आणि रात्री खरोखरच तिचा भलामोठा संदेश आला.

यजमान वर्ग पुढे आमच्याकडे येणार होता आणि त्यांना काय दाखवायचे याची यादी मुले परतीच्या विमानातच करू लागली. आधीच्या यादीतील किल्ले आणि देवळे कायम राहिली. पण आपल्याकडे कोणावर अन्याय झाला ती जागा पाहुण्यांना दाखवायची की नाही, यावरून वर्गात चक्क दोन तट पडले. मी मत दिले नाही. त्या जागेची माहिती जमवून आणा, मग ठरवू, एवढेच सांगितले.