पावनखिंडीच्या वाटेला हेडलॅम्प कुठला घ्यायचा

जुलैत पन्हाळ्यावरनं पावनखिंडीला रात्रीचं चालायचं म्हटलं की लई जण आधी लुमेनच (उजेडाचं माप) बघतात, हजार पायजेतच म्हणून, पण भावांनो मसाई पठारावर धुकं उतरलं की तोच झोत पांढरा होऊन डोळ्यातच परत येतोय आणि पायाखालचा चिखलबी दिसत नाही. मी तेव्हा लॅम्प कपाळावरचा काढून कमरेला बांधतो, मग वाट कळते. ३००-४०० लुमेन बास की. त्यापेक्षा आयपीएक्स७ बघा, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणारा, आपल्याकडचा पाऊस म्हाईत हाय न्हवं. सेल मात्र बदलता येणाराच घ्या, १८६५० वाला (चार्ज होणारा लांबट गोल सेल), जादाचा एक प्लॅस्टिकात गुंडाळून सॅकमध्ये. लाल लाईट असली तर लईच बेस, मुक्कामाला झोपलेल्यांच्या डोळ्यावर येत नाही.