हत्तीच्या पाठीवरची अक्षरे

या पावसाळ्यात माझ्या संग्रहात हत्ती-छापाची आणखी तीन सातवाहन पोटीन नाणी आली आणि एकूण संख्या अकरा झाली. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणातून पाडलेली ही नाणी दिसायला काळपट व साधी असतात, पण राजा ओळखण्याच्या कामात त्यांच्याइतके शिकवणारे दुसरे नाणे मला अजून भेटलेले नाही.

दर्शनी बाजूला सोंड वर उचललेला, उजवीकडे तोंड केलेला हत्ती आणि मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह, एवढे जुळले की घराणे बहुधा निश्चित होते. सातवाहनांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या पश्चिम क्षत्रप राजांच्या काही लहान नाण्यांवरही हत्ती किंवा बैल असतो, मात्र त्यांच्या मागे तीन कमानींची टेकडी असते. म्हणून मी आता नाणे हातात आले की आधी ते उलटे करून पाहतो. राजाचे नाव मात्र हत्तीच्या पाठीवरून कडेकडेने जाणाऱ्या, प्राचीन ब्राह्मी लिपीतल्या लेखातच असते आणि अडचण तिथेच आहे. ठसा मोठा आणि नाणे लहान असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर लेखाचा काही भागच उतरतो.

नऊ क्रमांकाचे नाणे (२.१ ग्रॅम, व्यास १६ मि.मी.) याचे चांगले उदाहरण आहे. तिरप्या उजेडात दहापट भिंगाखाली गंडस्थळाच्या वर एक फुली दिसते, म्हणजे ब्राह्मी ‘क’, आणि तिच्या आधी खाली दोन पाय फुटलेली काठी, म्हणजे ‘त’. ‘सातकणिस’ (प्राकृतात ‘सातकर्णीचे’) मधला हा तुकडा आहे यात मला शंका नाही. परंतु सातकर्णी हे नाव अनेक राजांनी लावले आणि कोणता सातकर्णी हे सांगणारी अक्षरे त्याच्या आधी येतात, जी या नाण्याच्या कडेबाहेर राहिली आहेत.

ही दोन-तीन अक्षरे किती मोलाची असतात हे तऱ्हाळ्याच्या निधीने, म्हणजे एकत्र पुरलेल्या नाण्यांच्या साठ्याने, दाखवून दिले आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १६०० पोटीन नाणी सापडली, प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन केले आणि कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावे पुढे आली. कर्ण सातकर्णीच्या लेखात, ‘कण सातकणिस’ असा, ‘क’ दोनदा येतो. माझ्या नाण्यावर एकच फुली शिल्लक आहे, तेव्हा दुर्मीळ नावाचा मोह बाजूला ठेवून मी पाकिटावर ‘सातकर्णी, राजा अनिश्चित’ एवढेच लिहिले आहे.

दहावे नाणे अधिक उदार निघाले. त्यावर वर दोन हात उभारलेला ‘म’ आणि त्याला लागून त्रिकोणावर उभी रेघ असलेला ‘वि’ स्पष्ट आहे, त्यामुळे ते पुळुमावी या सातवाहन राजाचे ठरले. हत्तीचा पुढचा पाय झिजून गेला आहे, पण अक्षरे शाबूत आहेत, आणि मला तेच जास्त प्रिय आहे.

एक चूक सांगणे आवश्यक वाटते. चार क्रमांकाचे नाणे मी सुरुवातीच्या काळात चिंचेच्या पाण्यात ठेवले होते. माती निघालीच, पण तिच्यासोबत वरचा हिरवट थर आणि लेखाचा उठावही गेला. तेव्हापासून ऊर्ध्वपातित पाणी, बांबूची काडी आणि काही आठवड्यांचा धीर यांपलीकडे मी काहीही वापरत नाही.

शेतात किंवा नदीकाठी सापडलेली म्हणून कुणी नाणी दाखवली तर मी ती घेत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शिवाय निधी विखुरला की कोणती नाणी एकत्र पुरलेली होती हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. अकरावे नाणे सध्या पाण्यात आहे. हत्तीच्या शेपटीमागे काही उठाव जाणवतो, पण माती सुटेपर्यंत त्याचे वाचन नोंदवहीत जाणार नाही.