बोरीचे पाणी आणि चुलतभावाचा लॉज

माझ्या धाकट्या चुलतभावाने नळदुर्गजवळ हमरस्त्यालगत असलेले सव्वा एकर सोयाबीनचे रान एनए (बिगरशेती) करून तेथे लॉज बांधायचे ठरवले आहे, आणि तेव्हापासून आमच्या घरात किल्ल्याखेरीज दुसरा विषय निघत नाही. शेती पावसाच्या भरवशावर असते, तेव्हा पुढच्या पिढीने तरी किल्ल्याच्या भरवशावर जगावे, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या उमेदीची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु हे दोन्ही भरवसे एकाच ढगाला टांगलेले आहेत, हे मी त्याला परोपरीने सांगून पाहिले.

नळदुर्गला पाहुणा येतो तो मुख्यतः किल्ल्यातल्या पाणीमहालासाठी. बोरी नदीला आडवा बंधारा घालून त्याच्याच पोटात दालने काढावीत आणि डोक्यावरून नदी कोसळत असताना माणसाने आत कोरडे उभे राहावे, ही करामत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास घडली. बंधाऱ्यावरून पाणी ज्या दोन वाटांनी खाली पडते त्यांना आम्ही नर आणि मादी म्हणतो. मात्र वरचे बोरी धरण भरून सांडल्याखेरीज हे धबधबे वाहत नाहीत. म्हणजे ज्या वर्षी धरण भरत नाही, त्या वर्षी सोयाबीनही हातचे जाते आणि पाहुणाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ आमच्या भागात अजून कोणी विसरलेले नाही. अशा वर्षी शेतकऱ्याला निदान पीकविमा मागता येतो. लॉजच्या रिकाम्या खोल्यांचा पंचनामा करायला कोणता तलाठी येणार आहे?

भाऊ म्हणतो, किल्ल्यातला उंच उपळ्या बुरूज तर पाण्यावाचूनही उभाच आहे. ते खरे आहे, पण बुरूज पाहून झाला की मोटार तासाभरात तुळजापूरची किंवा सोलापूरची वाट धरते, आणि मुक्कामाचा पैसा त्या गावांत खर्च होतो.

मुक्कामाचा पैसा या गावाने पूर्वी पाहिलेला आहे. १८५३ मध्ये हा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी येथेच राहत होता. पुढे निजामाच्या राज्यात जिल्ह्यालाच नळदुर्गचे नाव होते. १९०४ मध्ये जिल्ह्याचे मुख्यालय धाराशिवला गेले. (जिल्हा आपल्या नावाचा होता, हे सांगताना आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा आवाज आजही बदलतो.) कचेरी होती तोवर वकील, पक्षकार आणि कारकून यांना गावात राहणे भागच होते. धबधबा पाहायला आलेल्या माणसाला तसे कोणतेच कारण नसते.

मला अधिक भरवशाची वाटते ती पौष पौर्णिमेची, नळदुर्गातल्याच मैलारपूरची खंडोबाची यात्रा. खंडोबा वर्षातला काही काळ येथे आणि उरलेला अणदूरला असतो, आणि देव नेताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. वारशाचा हिशेब मांडताना आपण दगड मोजतो, हा करार मोजत नाही. यात्रेकरू लॉजवर उतरणार नाही, हे मलाही कळते; पण तो धरणाची पातळी विचारून घराबाहेर पडत नाही, आणि त्याला जेवण, पाणी आणि भंडारा-खोबरे लागतेच.

भावाने नकाशा सोळा खोल्यांवरून सहांवर आणला आहे आणि विहिरीकडचा अर्धा एकर पेरणीसाठी राखला आहे. बँकेचा पहिला हप्ता मात्र जूनमध्ये आहे, आणि जूनमध्ये बोरी धरण भरलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.