तुम्ही विचारलंत म्हणून : एमजीएमटीचा दुसरा अल्बम

एमजीएमटी या अमेरिकन बँडच्या ज्या दुसऱ्या अल्बमला समीक्षकांनी झोडपले, तोच तुम्ही सगळ्यांना आग्रहाने का ऐकायला सांगता, असे मला नेहमी विचारले जाते.

झोडपले हा शब्द तसा जरा जास्तच आहे, कारण एप्रिल २०१० मध्ये आलेल्या 'काँग्रॅच्युलेशन्स'ची परीक्षणे संमिश्र होती आणि बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. मात्र अपेक्षाभंगाचा सूर पुष्कळांनी लावला, हे खरे. अँड्र्यू व्हॅनविनगार्डन आणि बेन गोल्डवासर या बँडमधल्या जोडीकडून सगळ्यांना हवी होती ती पहिल्या अल्बममधल्या 'किड्स' या गाण्याच्या जातकुळीतली, एकदा ऐकताच ओठांवर बसणारी गाणी. आणि हाती पडल्या त्या साठच्या दशकातील सायकेडेलिक, म्हणजे गुंगीत नेणाऱ्या स्वप्नवत संगीताशी नाते सांगणाऱ्या नऊ रचना.

माझी तक्रार इथेच आहे. या अल्बममध्ये काय आहे यापेक्षा काय नाही याचीच मोजदाद अनेकांनी केली. 'सायबेरियन ब्रेक्स' हे बारा मिनिटांचे गाणे घ्या. एक चाल कानाला सवयीची होते न होते तोच ती सोडून गाणे दुसरीकडे वळते आणि आपण ज्याची वाट पाहत असतो ते ध्रुपद काही परत येत नाही. एक-दोनदा ऐकून परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाला ते विस्कळीत वाटणारच. मलाही तसेच वाटले होते. चौथ्या-पाचव्या वेळी मी ध्रुपदाची वाट पाहणे सोडले, तेव्हा कुठे प्रत्येक वळण आधीच्या वळणातून निघाले आहे हे ऐकू येऊ लागले, आणि तेव्हापासून ते गाणे मी मध्येच बंद करू शकलेलो नाही.

आवाज वाद्यांच्या थरांखाली दबतो, शब्द लागत नाहीत, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. काही ठिकाणी त्याने खरोखरच नुकसान झाले आहे.

शेवटच्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यात तसे होत नाही. तिथे प्रसिद्धीने आलेला थकवा साध्या, संथ चालीत, स्पष्ट उच्चारांत गायला आहे. गाणे संपता संपता टाळ्या ऐकू येतात, पण त्या भरगच्च सभागृहातल्या नव्हेत. चार-दोन माणसांनी वाजवाव्यात तशा तुरळक आहेत, आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा एकही परीक्षण लिहिले गेलेले नव्हते.