तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात मी काय करते

‘उन्हाळ्यात तुम्ही चित्रं काढत नाही, मग दिवसभर करता तरी काय?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, चित्रं विकत घेणारे विचारतात आणि घरचेही विचारतात. बऱ्याचदा त्यात काळजी असते, की अशाने हाताची सवय मोडेल. ती मोडावी म्हणूनच मी थांबते.

वर्षभर सलग काम केलं की हाताला सगळी उत्तरं पाठ होतात. सावली आली की हात आपसूक अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी कालवतो. करडा रंग सुरेख उतरतो, चित्र बरं होतं, बघणाऱ्यालाही आवडतं. पण ती सावली मी नीट पाहिलेलीच नसते. हाताने परस्पर उरकलेलं ते काम असतं. हे वाढू लागलं की मला चित्राची भीती वाटते, आणि त्यावर थांबण्याखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

स्टुडिओ बंद करायलाच बरेच दिवस लागतात. सगळ्यात आधी चिंध्या. जवसाच्या तेलात, म्हणजे लिनसीडमध्ये, भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. म्हणून त्या एकेक सुट्या पसरून वाळवायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मग ब्रश. सेबलचे, म्हणजे प्राण्याच्या मऊ केसांचे, ब्रश साबणाने धुऊन, ओठांनी नव्हे तर बोटांनी टोक काढून, पूर्ण वाळल्यावरच डब्यात बंद करायचे. उघडे राहिले तर त्यांच्या केसांना कसर लागते. तैलचित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवायची नाहीत, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळट पडतं. त्यांना उजेड हवा आणि वेळ हवा. जाड थर आतून वाळायला महिनोन्‌महिने लागतात. मी नसले तरी त्यांचं काम चालूच असतं.

त्यानंतर मात्र वही नाही, पेन्सिल नाही, फोनवर फोटोसुद्धा नाही. ‘छोटी स्केचबुक तरी जवळ ठेवा,’ असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. वही जवळ असली की डोळा कामावरच राहतो: हे घेऊ, ते सोडू, इथे चौकट बसेल. सुरुवातीच्या दिवसांत वही नसतानाही हेच होतं. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या कानामागचा प्रकाश मी मनात रंगवत असते आणि तो काय म्हणाला ते निसटून जातं. हळूहळू ही घाई उतरते. मग झाड नुसतं झाड दिसतं, माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येतं. मी मोडक्या खुर्च्या दुरुस्त करते, बागेत माती उकरते, पोहते, दुपारी झोपते. प्रेरणा गोळा करायला जाते असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणते. गोळा करायचं म्हटलं की पुन्हा कामच झालं.

अॅग्नेस मार्टिन या चित्रकर्तीने 1967 मध्ये, नाव झालेलं असताना, न्यूयॉर्क सोडलं आणि काही वर्षं रंगवणंच बंद ठेवलं. पुढे न्यू मेक्सिकोत तिने पुन्हा चित्रं सुरू केली आणि अखेरपर्यंत काढली. माझा विराम एका उन्हाळ्याचा. पण तिची आठवण मला धीर देते. ज्यांचं पोट रोजच्या कामावर आहे त्यांना एवढंही परवडत नाही, हे मी जाणते. मलाही त्यासाठी उरलेलं वर्ष जास्त ओढावं लागतं.

हात जातो का? हो, जातो. परतल्यावर पहिल्या रेघा अडखळतात. त्या दिवसांत मी मोठा कॅनव्हास घेत नाही, साध्या कागदावर एकाच रंगात काढते. रेघ हळू जाते, आणि हळू जाते म्हणून तिला पुढचं बघावं लागतं. हेच दिवस मला वर्षात सगळ्यात मोलाचे वाटतात.

रंगाचं एकच काम मी उन्हाळ्यात करते. कागदाच्या पट्टीवर वापरातला प्रत्येक जलरंग पातळ ओढायचा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकायची आणि उन्हाच्या खिडकीला चिकटवून द्यायची. महिन्यांनी पुठ्ठा काढला की कोण टिकलं ते दिसतं. गेरू, पिवळी माती जशीच्या तशी असतात. अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल उघड्या बाजूला फिकटलेला असतो. ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1868 मध्ये अलिझरिन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत घडवलं. त्यापासूनचा हा लाल फार देखणा, पण पातळ थरात उन्हाला टिकत नाही. त्याच्या जागी मी आता क्विनाक्रिडोन हा उन्हाला टिकणारा लाल वापरते. तुमच्याकडे माझं जुनं जलरंगातलं चित्र असेल आणि त्यावर थेट ऊन येत असेल, तर कृपा करून त्याची भिंत बदला.