आमची वाटचाल: मोल्ड गेले त्यानंतर

१९९६ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात, साच्यात (मोल्डमध्ये) प्लास्टिक दाबून वस्तू काढणाऱ्या एका हँड मोल्डिंग मशीनवर सुरुवात केली. झाकणं, स्विचचे भाग, मिळेल ते जॉबवर्क. पुढे दोन ऑटोमॅटिक मशीन आली आणि एका कंपनीच्या चार्जिंगच्या इमर्जन्सी दिव्यांच्या बॉडीचं काम मिळालं. २००५ मध्ये राज्यभर भारनियमन वाढलं, तसे हे दिवे धडाधड खपू लागले. कर्ज काढून तिसरं ऑटोमॅटिक मशीन घेतलं. तीन पाळ्या, २२ माणसं.

वर्षभरात कंपनीचा निरोप आला: दिवा आता चीनहून तयार येणार.

१ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयात निर्बंध उठले, त्याच वर्षी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, हे पेपरात वाचलं होतं. त्याची झळ आपल्या गाळ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. तिकडे ग्वांगडाँग प्रांतात गुझेनसारखं अख्खं गाव दिव्यांच्याच धंद्यात आहे. लागेल तो भाग शेजारच्या गल्लीत मिळतो. न्हावाशेवा बंदरात उतरलेला तयार दिवा ज्या भावात पडे, त्यात आमची बॉडी, बॅटरी आणि सर्किट यांची बेरीजच बसत नव्हती. आमची माणसं कामात कुठंही कमी पडली नव्हती, हे मी आजही ठासून सांगतो.

मोल्ड कंपनीच्या मालकीचे. चेन ब्लॉक (जड वस्तू उचलायची साखळी-कप्पी) लावून ते टेम्पोत चढवले आमच्याच ऑपरेटरांनी. फ्लॅश, म्हणजे भागांच्या कडेचं जादा प्लास्टिक, काढणाऱ्या मावशींनी हात धुता धुता विचारलं, "दादा, उद्या कितीला येऊ?" मला बोलता आलं नाही.

१४ जणांना कमी केलं. कायद्याप्रमाणे महिन्याची नोटीस, सेवेच्या दरवर्षामागे १५ दिवसांचा पगार, शिवाय ग्रॅच्युइटी. त्यासाठी जुनं एक मशीन विकलं.

तेव्हापासून एका गिऱ्हाइकाचं काम तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देत नाही, आणि जमेल तसे स्वतःचे मोल्ड बनवतो. आज ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे जॉइनर, टी, एंड कॅप आमच्याच मोल्डवर निघतात. नारायणगाव, जुन्नरच्या दुकानांत जातात.

काम वाढल्यावर हजेरीची जुनी वही काढून सगळ्यांना निरोप धाडले. ६ जण परत आले. मावशी परांड्याला गावी गेल्या होत्या. तिघांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही.